संकेतस्थळावरची गर्दी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आपलं संकेतस्थळ आपण कधी वाचक म्हणून उघडतच नाही, मालक म्हणूनच उघडतो. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच : पान भरून गेलंय, आणि काय काढावं ते कळत नाही. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

वेबकडे येण्याआधी मी बरीच वर्षं छापखान्यात पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर पानं लावत होते. तिथे जागा मोजकी असायची. मजकूर बसला नाही की संपादकांना काहीतरी कापावंच लागायचं. वेबवर जागा संपत नाही, त्यामुळे कापायची वेळ येत नाही आणि ठरवायचीही वेळ येत नाही. म्हणून कोणतंही पान हातात आलं की मी आधी एवढंच विचारते : इथे येणारा माणूस काय करायला आलाय?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. २००९पासून सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर ब्लॉग लिहितो. आधी ब्लॉगरवर होतो, मग वर्डप्रेसवर आलो. उजव्या पट्टीत कॅलेंडर, भेट देणाऱ्यांचा आकडा, टॅग क्लाउड (लेखांना लावलेल्या विषयशब्दांचा पुंजका), मित्रांच्या ब्लॉगची यादी, फेसबुकची चौकट, मिळालेले सन्मान, आजचा सुविचार असं पुष्कळ साठलंय. पार्श्वभूमीला राजगडाचा फोटो आणि त्यावर हिरवी अक्षरं आहेत. पुतणी म्हणते, सगळं काढून टाका. पण प्रत्येक गोष्ट कधीतरी हौसेनं लावलेली आहे. सुरुवात कुठून करू? आणि जुन्या लेखांचं काय करू?
– एक भटके, सातारा

उत्तर : सर, पुतणीची दिशा बरोबर आहे, पण हौसेनं जमवलेलं एका दुपारी पुसून टाकू नका. आधी कोण येतंय ते बघा. गूगल सर्च कन्सोल मोफत आहे. लोक कोणते शब्द शोधून तुमच्या कोणत्या लेखावर आले, हे त्यात दिसतं. किल्ल्यांच्या ब्लॉगवर 'वासोटा परवानगी', 'बामणोली बोट', 'राजगड मुक्काम' असे शब्द तुम्हाला सापडतील याची मला जवळपास खात्री आहे. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. शिवसागर जलाशय ओलांडून जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात जाता येत नाही. हे सगळं तुम्ही लिहिलेलं असणारच. पण ते आठव्या परिच्छेदात, धुक्याच्या वर्णनानंतर आलं असेल, तर बामणोलीच्या धक्क्यावर रेंजची एकच काडी घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या हाती ते लागत नाही.

म्हणून पट्टीला हात लावण्याआधी लेखाचा माथा दुरुस्त करा. प्रत्येक किल्ल्याच्या लेखात सर्वात वर चार ओळी द्या : पायथ्याचं गाव, वाट आणि लागणारा वेळ, गडावर पाणी कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, परवानगी. त्याखाली, ही माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख. किल्ल्यांच्या बाबतीत ही तारीख फार मोलाची आहे, कारण एका पावसात वाट ढासळते आणि लोक पाच वर्षांपूर्वीच्या लेखावर विसंबून निघतात. या चार ओळींखाली तुमचं वर्णन जसंच्या तसं राहू द्या. तुमच्या ब्लॉगचं खरं वैभव तेच आहे आणि गर्दी हटवायची ती त्याच्यासाठीच.

आता पट्टी. काहीही काढण्याआधी दोन प्रती ठेवा. वर्डप्रेसच्या साधनांमध्ये 'निर्यात' हा पर्याय आहे, त्यातून लेखांची फाइल मिळते. पण लक्षात असू द्या, त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. फोटोंचं फोल्डर होस्टिंगवरून वेगळं उतरवून घ्यावं लागतं. इतक्या वर्षांचे गडांचे फोटो, त्यातले काही बुरूज आज त्या अवस्थेत उरलेही नसतील, तेव्हा हे काम पुतणीला शेजारी बसवून नीट करा. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तुमच्या मुखपृष्ठाचा पत्ता टाकून आजचं रूप जतन करा. उद्या नव्या रूपात मन रमलं नाही, तर जुनं तिथे जाऊन बघता येईल.

मग डॅशबोर्डमधलं विजेटचं, म्हणजे पट्टीतल्या एकेका चौकटीचं, पान उघडा. तुमची थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा साचा, जुन्या पद्धतीची असावी. अशा थीममध्ये खाली 'निष्क्रिय विजेट' अशी जागा असते. पट्टीतलं एकूण एक विजेट तिथे नेऊन ठेवा. ती पुसली जात नाहीत, त्यांची मांडणी आणि मजकूर तसाच राहतो. पट्टी रिकामी करा आणि महिनाभर ब्लॉग तसाच चालवा. ज्या गोष्टीबद्दल एखादा वाचक पत्र लिहून विचारेल किंवा तुम्हाला स्वतःला काम करताना अडेल, तेवढीच परत आणा. काय काढायचं यावर घरात वाद होतात. काय परत आणायचं, हा प्रश्न सोपा असतो.

फोनवर उजवी पट्टी उजवीकडे राहतच नाही, हे पुतणीनं सांगितलं असेलच. बहुतेक थीममध्ये ती लेखाच्या खाली, प्रतिक्रियांच्याही खाली जाऊन पडते. म्हणजे फोनवाल्या वाचकाला ती दिसत नाही, पण उतरते मात्र पूर्ण. फेसबुकची चौकट तर स्वतःची बरीच सामग्री बाहेरून ओढून आणते. डोंगरात तो भार वाचकाच्या डेटावर पडतो.

तुम्ही सांगितलेल्या एकेका गोष्टीबद्दल माझं मत असं. कॅलेंडर कोणत्या तारखेला लेख लिहिला ते दाखवतं. बातम्यांच्या पानाला त्याचा उपयोग असेल, किल्ल्यांना नाही. आकड्यातून वाचकाला काहीच मिळत नाही, तो तुमच्यापुरता आत ठेवा. टॅग क्लाउडऐवजी एक साधं पान करा : सातारा, पुणे, रायगड, नाशिक अशा जिल्ह्यांखाली किल्ल्यांची नावं, आणि नावापुढे सोपा, मध्यम की अवघड एवढंच. वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं वेगळं पान तयार करतं, त्यामुळे एकदाच वापरलेले शेकडो टॅग म्हणजे एकेका लेखाची शेकडो पानं. असे टॅग बिनधास्त काढा, टॅग काढल्यानं लेख जात नाही. सन्मान 'माझ्याविषयी' या पानावर न्या, आणि तिथे प्रत्येक सन्मानाबद्दल दोन वाक्यं लिहा. पट्टीतल्या अंगठ्याएवढ्या चिन्हापेक्षा तो तिथे जास्त वाचला जाईल. मित्रांच्या ब्लॉगची यादी मला स्वतःला जपावीशी वाटते. आपल्याकडच्या भटक्यांनी एकमेकांना असंच शोधलं आहे. तिचंही एक पान करा, प्रत्येक दुवा उघडून बघा, आणि बंद पडलेल्या ब्लॉगची जतन झालेली प्रत वेबॅकवर सापडली तर तिचा दुवा द्या.

राजगडाचा फोटो पार्श्वभूमीतून काढाच. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान साडेचारास एक हवा, असं वेब सुलभतेची (अपंगांसह सर्वांना पान वापरता यावं यासाठीची) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फोटोवर ते प्रमाण दर इंचाला बदलतं : आकाशावर हिरवं अक्षर दिसतं, झाडीवर बुडतं. तोच फोटो मुखपृष्ठावर एकदाच, मोठा आणि मोकळा लावा. सुवेळा माचीही दिसेल आणि अक्षरंही.

जुने लेख पुसू नका. एकाच किल्ल्यावर तीन लेख असतील, तर माहितीचा एक मुख्य लेख ठरवा आणि बाकीचे दोन भटकंतीच्या नोंदी म्हणून राहू द्या. त्यांच्या वर 'ताज्या माहितीसाठी इथे पाहा' असा दुवा पुरे. एखादा लेख दुसऱ्यात पूर्ण मिसळला, तर त्याचा जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवून ठेवा. तंत्राच्या भाषेत त्याला ३०१ म्हणतात, आणि त्यासाठी मोफत प्लगइन मिळतात. लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले तुमचे दुवे वर्षानुवर्षं फिरत असतात, ते तुटता कामा नयेत. नव्या लेखांचे पत्ते मात्र रोमन लिपीत आणि छोटे ठेवा. देवनागरीतला पत्ता कुठे पाठवताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'मराठी' या एका शब्दाची पंचेचाळीस. वर्डप्रेसची मर्यादा अशा दोनशे अक्षरांची असल्यानं लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटलेला दिसतो.

प्रश्न : आमचं मालवणजवळ घरगुती निवासाचं छोटं ठिकाण आहे. संकेतस्थळ करून घेतलं त्याला दोन वर्षं झाली. उघडताच पाच फोटो सरकत राहतात, मग 'नोंदणी करा' अशी खिडकी येते, कोपऱ्यात चॅटचं चिन्ह, दुसऱ्या कोपऱ्यात व्हॉट्सॲप, शिवाय लाटांचा आवाज. लोक संकेतस्थळ बघूनही फोन करून तेच विचारतात : दर काय, जेवण मिळेल का, समुद्र किती लांब. असं का होतं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, लोक तेच विचारतात कारण ते पानावर सापडत नाही. तुम्हाला फोनवर येणारे प्रश्न हाच तुमच्या मुखपृष्ठाचा आराखडा आहे. आठवडाभर फोनजवळ वही ठेवा आणि प्रत्येक प्रश्न लिहा. सर्वात जास्त वेळा आलेले पाच प्रश्न, त्याच क्रमानं, उत्तरांसकट पहिल्या पानावर हवेत. किती खोल्या, दर काय, न्याहारी धरून की वेगळी, मासे-शाकाहारी दोन्ही मिळतं का, समुद्र चालत किती मिनिटं, कुडाळ स्टेशनवरून यायचं कसं. 'किनाऱ्यालगत' असं लिहू नका, मिनिटं लिहा.

सरकत्या फोटोंबद्दल एक जुनी पण ठोस नोंद आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले एरिक रनयन यांनी २०१३ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरच्या सरकत्या पट्टीचे आकडे मांडले. आलेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांनी त्या पट्टीवर क्लिक केलं, आणि त्यातले ८४ टक्के पहिल्याच चित्रावर होते. मागच्या चित्रांवर जवळजवळ कुणी क्लिक केलंच नाही. तेव्हा एकच फोटो निवडा. माझं मत विचाराल तर समुद्राचा नको. समुद्र सगळ्यांच्याच संकेतस्थळावर आहे. तुमचं अंगण, पडवी, सकाळच्या उन्हातली खोली, असा तुमच्याकडेच निघू शकणारा फोटो लावा. बाकीचे खाली एका मागोमाग एक, न सरकणारे.

फोटो थेट फोनमधून चढवलेले असतील तर एकेक चार-पाच एमबीचा असेल. तोच रुंदी कमी करून वेबपी या हलक्या स्वरूपात दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स पानाचा वेग मोफत तपासून देतं. त्यात मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, असा निकष आहे.

उघडताक्षणी येणारी खिडकी काढा. फोनवर मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्यांची पानं शोधात मागे टाकायला गूगलनं जानेवारी २०१७ पासून सुरुवात केली. आणि पाहुण्यांनी अजून घर पाहिलेलं नसताना नोंदणी कसली? लाटांचा आवाजही जाऊ दे. २०१८ पासून क्रोम आपोआप वाजणारा आवाज बहुतेक वेळा अडवतंच, आणि जिथे वाजतो तिथे माणूस ऑफिसात बसलेला असतो. चॅटचं चिन्ह कुणी उत्तर द्यायला नसेल तर काढून टाका. व्हॉट्सॲप ठेवा, आणि फोन नंबर असा लिहून घ्या की बोट लावताच डायल होईल. पुष्कळ ठिकाणी नंबर चित्रात लिहिलेला असतो. मग तो ना डायल होतो, ना कॉपी.

प्रश्न : मी नुकतंच डिझाइनचं शिक्षण पूर्ण केलं. एका मराठी कथा-कवितांच्या संकेतस्थळाचं काम मिळालं. भरपूर पांढरी जागा, बारीक राखाडी अक्षर, सगळं मेन्यूत झाकलेलं, असं एकदम मिनिमल केलं. मला आवडलंय. पण संपादक म्हणतात, वाचवत नाही. गर्दी तर काहीच नाहीये, मग चुकतंय कुठे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हा प्रश्न मराठीत फारसा कुणी विचारत नाही. गर्दी कमी करण्याची बहुतेक पुस्तकं रोमन अक्षर समोर ठेवून लिहिलेली असतात. रोमनमध्ये बारीक अक्षर, मोकळी सुटी अक्षरं, घट्ट ओळी चालून जातात. देवनागरीत तेच केलं की अक्षरच गर्दी करू लागतं.

ओळीपासून सुरू कर. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार. 'पूर्तीं'सारखा शब्द घे, वरचा मजला आणि खालचा मजला दोन्ही भरलेले. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ पट ठेवलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. १.७ पासून बघायला सुरुवात कर, कवितेला त्याहून थोडं जास्त दे. फोनवर अठरा पिक्सेलच्या खाली जाऊ नकोस. मराठी अक्षर रोमनच्या शेजारी त्याच मापात लहानच दिसतं, कारण वरखालच्या चिन्हांसाठी मधलं अंग आखडून घ्यावं लागतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शीर्षकातसुद्धा. शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. तिरपं अक्षरही टाळ. देवनागरीत तशी परंपरा नाही, बहुतेकदा ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो. जोर द्यायचा असेल तर अक्षराचं वजन, म्हणजे जाडी, वाढव. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह छापखान्यातून आलेल्या मलाही होतो, पण फोनच्या अरुंद रकान्यात आपले लांब जोडशब्द बसत नाहीत आणि मध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोड. दुव्याखालची रेघ उकारांना कापत असेल तर ती थोडी खाली सरकव, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, त्याची सोय आहे.

राखाडीचं गणित असं आहे. डिझायनरांच्या आवडीचा '९९९' या रंगसंकेताचा राखाडी पांढऱ्यावर २.८५ च्या आसपास येतो, वर साताऱ्याच्या उत्तरात सांगितलेल्या साडेचारास एक या प्रमाणाच्या बराच खाली. '७६७६७६' जेमतेम पास होतो. आणि हे प्रमाण साध्या जाडीचं अक्षर धरून आहे. बारीक वजनाच्या देवनागरीत जोडाक्षराच्या आतल्या रेषा पडद्यावर विरून जातात. 'द्ध' आणि 'द्व' ओळखू येतात का, ते पडद्यावर बघ. माझ्याकडे यासाठी एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन मुद्दाम ठेवलेला आहे. त्याचा पडदा फिका आहे. प्रत्येक काम मी त्यावर, उन्हात, एकदा वाचून बघते. तूही असा फोन मिळव.

फाँट एकच घे आणि दोनच वजनं : मजकुराला साधं, शीर्षकाला ठळक. 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' सात वजनांत मिळतो म्हणून सातही उतरवून घ्यायची नसतात. जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्यांमुळे देवनागरी फाँट मुळातच जड असतो. कथांना नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी वापरून बघ, सलग वाचनाला डोळा त्यावर छान टिकतो. विंडोजवर एके काळी अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' हा फाँट तेवढा भरवशाचा होता. आता निवड आहे, तर ती विचारानं कर.

आणखी एक काम जे कुणीच करत नाही. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांग. वर्डप्रेस असेल तर सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की पुरतं. आपल्या 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीहून वेगळं आहे. ज्या फाँटात दोन्ही वळणं दिलेली आहेत, तिथे भाषा मराठी असली तरच आपली वळणं उमटतात. शिवाय पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं त्याच खुणेवरून कोणत्या आवाजात वाचायचं ते ठरवतात. दृष्टिहीन वाचकांना कथा ऐकता याव्यात, असं तुझ्या संपादकांनाही वाटेलच.

मेन्यूबद्दल : तीन रेघांमागे सगळं झाकलं की पडदा स्वच्छ दिसतो, पण कविता, कथा, लेख, जुने अंक हे चारच विभाग असतील तर ते उघडे ठेव. संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेनं २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत झाकलेला मेन्यू लोक कमी वापरतात आणि त्यांना गोष्टी सापडायला जास्त वेळ लागतो, असं दिसलं होतं. चार शब्दांना फोनवरही जागा मिळते. तुझी पांढरी जागा मात्र सोडू नकोस. कवितेभोवती ती हवीच, आणि संपादकांनी कमी करायला सांगितलं तरी तेवढ्यापुरती भांड.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मुखपृष्ठावरच अध्यक्षांपासून सगळ्या कार्यकारिणीचे फोटो आहेत, वर सूचना सरकत राहतात, आणि प्रत्येक सदस्याला आपल्या उपक्रमाची चौकट हवी असते. मी कार्यवाह आहे. बैठकीत 'हे काढा' म्हटलं की मनं दुखावतात.
– एक कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : तुमची अडचण मी अनेक संस्थांत पाहिली आहे, आणि त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो. मंडळी आपला वेळ विनामोबदला देतात, त्यांचं नाव दिसावं ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून बैठकीत मत मागू नका, प्रयोग दाखवा. दोन सभासदांना बोलवा, एक विद्यार्थी आणि एक ज्येष्ठ. त्यांच्या हातात फोन द्या आणि सांगा : आज ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते शोधा, अमुक पुस्तक आहे का ते बघा, सभासद शुल्क किती ते सांगा. कार्यकारिणीनं शेजारी बसून गप्प बघायचं, मदत करायची नाही. ज्येष्ठ सभासद अध्यक्षांच्या फोटोवरून बोट खाली सरकवत वेळ शोधताना दिसले की पुढचं बोलणं सोपं होतं. मला यापेक्षा चांगला उपाय ठाऊक नाही.

ब्रिटनमध्ये सरकारनं ऑक्टोबर २०१२ मध्ये आपली दोन मोठी संकेतस्थळं मिटवून एकच सुरू केलं आणि पुढे खात्याखात्याची शेकडो संकेतस्थळं त्यात आणली. तिथेही प्रत्येक खात्याला आपला मान हवा होता. त्यांच्या आराखड्याचं पहिलं तत्त्व 'वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात' हे होतं आणि त्या आधारावर त्यांनी खात्यांशी बोलणी केली. तुम्हीही ठराव करून घ्या : मुखपृष्ठावर वेळ, सुट्ट्या, पुस्तक शोध, शुल्क, पत्ता आणि पुढचा एक कार्यक्रम. उपक्रमाची चौकट येईल, पण ती कोणत्या तारखेला उतरेल हे लावतानाच लिहिलेलं असेल. कार्यकारिणीचं स्वतंत्र पान करा आणि तिथे प्रत्येकाचा मोठा फोटो, परिचय, कामाची वर्षं द्या.

सरकत्या सूचना बंद करा. पाच सेकंदांहून जास्त काळ आपोआप हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे, अशी सुलभतेची अट आहे, आणि एचटीएमएलमधली (पानाच्या कोडमधली) ती जुनी सरकती पट्टी आता कालबाह्य ठरवलेली आहे. ज्येष्ठांना ती वाचताच येत नाही. तारखेसह तीन ओळींची यादी लावा.

प्रश्न : आईचा पाककृतींचा ब्लॉग मी सांभाळते. जाहिरातींमधून थोडे पैसे येतात, तिला त्याचा आनंद आहे. पण कृतीच्या प्रत्येक पायरीमध्ये जाहिरात येते आणि मजकूर उड्या मारतो. सगळ्या काढाव्यात का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : सगळ्या काढू नका. आईंच्या हातच्या कामाचे ते पैसे आहेत. पण आपोआप जाहिराती लावायची सोय तुम्ही सुरू ठेवलेली दिसते, त्यातच जाहिरातींचं प्रमाण कमी करण्याचा पर्याय असतो. तो कमीवर आणा, आणि साहित्य व कृती या दोन भागांत जाहिरात येणार नाही असं बघा. एक प्रस्तावनेनंतर, एक कृती संपल्यावर. त्या जागांची उंची आधीच राखून ठेवली की जाहिरात उशिरा आली तरी मजकूर हलत नाही. पीठ लागलेल्या हातानं फोन बघणाऱ्या बाईला ओळ हरवणं फार जाचक होतं.

प्रस्तावना आईंच्या आठवणींची असेल तर ती ठेवा, फक्त वर 'थेट कृतीकडे' असं एक बटण द्या. छापून घेणारे अजून बरेच आहेत, त्यांच्यासाठी छापताना जाहिराती आणि फोटो वगळणारी मांडणी करून घ्या. आधी एकाच पाककृतीवर हे सगळं करा, शक्यतो सर्वात जास्त वाचल्या जाणाऱ्या. महिन्यानं त्या पानाचं उत्पन्न आणि लोक किती वेळ थांबले हे दोन्ही आधीच्या महिन्याशी ताडून बघा, मग बाकीच्यांना हात लावा. आणि प्रमाण वाटीत दिलं असेल तर ती वाटी किती मिलीलिटरची हे साहित्याच्या वर एका ओळीत लिहा. परदेशातल्या मुली हेच विचारत असणार.